चौलचे पट्टे आणि नववा रोजा

रमजानमध्ये असरची नमाज झाली की मगरिबपर्यंतचा वेळ सर्वांत लांब वाटतो. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत हा अनुभव सारखाच. कोणी बाजारात कलिंगड ठोकून बघतो, कोणी जेटीवर जाऊन होड्या मोजतो आणि हल्ली बहुतेक जण मोबाइल उघडतात. मोबाइलवर दरवर्षी न चुकता फिरणारे दोन संदेश आहेत. पहिला जपानचा. जपान मुसलमानांना नागरिकत्व देत नाही, मशीद बांधू देत नाही, म्हणूनच तो देश शांत आणि पुढारलेला आहे, असे त्यात लिहिलेले असते. दुसरा इंडोनेशियाचा. एवढा मोठा मुस्लिम देश, पण विमान कंपनीचे नाव गरुड, मुसलमान कलाकार रामायण सादर करतात, मग इथल्यांनाच काय होते, असा त्याचा सूर.

हे संदेश पुढे ढकलणारे परके नसतात. शाळेच्या ग्रुपवरचे, सोसायटीतले, बाजारपेठेतले असतात. त्यातल्या कित्येकांच्या घरी त्याच संध्याकाळी शेजारून इफ्तारीची थाळी गेलेली असते. म्हणूनच त्यांच्यावर चिडण्यापेक्षा या दोन देशांची खरी ओळख करून घेणे जास्त उपयोगाचे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. चौलपासून सुरुवात करता येते.

पोर्तुगीज जहाजांनी जपानला जे पूर्वेकडचे कापड नेले, त्यात पट्ट्यापट्ट्यांचे एक पातळ रेशीम होते. ते ज्या बंदरातून आले त्या बंदराच्या नावावरून जपानी लोक त्याला 'चाउ-जिमा' म्हणू लागले. 'जिमा' म्हणजे पट्टे आणि 'चाउ' म्हणजे आपले चौल. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोच्या विणकरांनी ते कापड स्वतःच विणायला घेतले. हाकामा नावाच्या घेरदार वस्त्रासाठी ते वापरले जाई. नारळी-पोफळीच्या बागांमधून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज रेशमाचा मागमूस नाही, पण जपानी शब्दकोशात चौल अजून आहे.

इंडोनेशियाशी असलेले नाते कापडाचे नाही, फिकहचे म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेचे आहे. महाराष्ट्राच्या घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. असरची वेळ शाफईंची लवकर होते, हनफींची उशिरा. किनाऱ्यावरच्या हिंदू वाचकांना याची दुसरी खूण लगेच पटेल. हनफी माणूस चिंबोरी आणि तिसऱ्या खात नाही. शाफईला समुद्रातले सगळे चालते, म्हणून मुरूडच्या मुसलमानाच्या घरात कोळ्याच्या टोपलीतले काहीच परत जात नाही. हीच शाफई परंपरा येमेनपासून कोकण, भटकळ, मलबार करत थेट सुमात्रा आणि जावापर्यंत जाते. अरबी प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ मध्ये चौलला आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने नोंदवले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि ती नेमणूक स्थानिक हिंदू राजाची असे. पुढे १३४५च्या सुमारास इब्न बतूता सुमात्रातल्या पसाई राज्यात पोहोचला, तर तिथला सुलतानही शाफईच निघाला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खंबायतमध्ये कोरलेले कबरीचे दगड जहाजांतून तिकडे जात. सुरतजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानिरी सतराव्या शतकात आचेच्या दरबारी मोठे आलिम होते. म्हणजे इंडोनेशियात इस्लाम गेला तो फौजेबरोबर नव्हे, मालाच्या गाठोड्यांबरोबर, आणि त्या गाठोड्यांची वाट आपल्या किनाऱ्यावरून जात होती.

जपान आणि इंडोनेशिया, दोन्ही बेटांचे देश. एकाची चार मोठी बेटे आणि हजारो लहान, दुसऱ्याची सतरा हजारांहून अधिक. दोघांनाही भूकंप, ज्वालामुखी आणि त्सुनामी नित्याचे. दोघांचेही पोट भातावर आणि मासळीवर. सोळाव्या शतकात दोघांच्याही दारात एकच पाहुणा आला, पोर्तुगीज. मलाक्का त्याने १५११मध्ये घेतले, चौलला १५२१मध्ये पाय रोवले आणि जपानच्या तानेगाशिमा बेटावर तो १५४३मध्ये पोहोचला. भाकरीच्या जागी खायचा मऊ रोट त्याने सगळीकडे दिला. आपण त्याला पाव म्हणतो, जपानी माणूस 'पान' म्हणतो. कोर्लईत तर आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली घराघरात बोलली जाते.

इथून पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

जपानने दार लावून घेतले. शिमाबाराचा ख्रिस्ती शेतकऱ्यांचा उठाव १६३८मध्ये चिरडला आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना कायमचे हाकलले. ख्रिस्ती धर्मावर बंदी तर आधीच होती. माणूस ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला त्याला येशूची किंवा मरियमची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावत. तरी नागासाकीच्या आसपासची काही कुटुंबे दोनशेहून अधिक वर्षे लपून प्रार्थना करत राहिली. १८६५मध्ये नागासाकीत नवे चर्च उभे राहिले, तेव्हा त्यातले काही जण पाद्र्याकडे आले आणि आम्ही तुमच्याच श्रद्धेचे आहोत, असे हळूच सांगून गेले. ही बंदी १८७३मध्ये उठली. जपानच्या 'एकजिनसी' समाजाची गोष्ट सांगताना ही माणसे वगळली जातात. उत्तरेच्या होक्काइदोतले आइनू वगळले जातात. त्यांच्यासाठी १८९९मध्ये कायदा झाला तो त्यांना जपानी करून टाकण्यासाठी, आणि मूळ रहिवासी म्हणून त्यांना कायद्याने मान्यता मिळायला २०१९ उजाडले. दक्षिणेचे र्‍युक्यू राज्य १८७९मध्ये जोडून घेतले, आणि तिथल्या शाळेत मूल घरची भाषा बोलले की त्याच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवत. एकसारखा दिसणारा समाज आपोआप एकसारखा झालेला नव्हता, हे सांगायला एवढी उदाहरणे पुरेत.

जपानचे गुण खोटे नाहीत. शाळेतली मुले आपला वर्ग स्वतः झाडतात आणि २०११च्या त्सुनामीनंतर उपाशी माणसेही रांगेत उभी राहिली, हे साऱ्या जगाने पाहिले. अलिबागच्या किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी कचरा बघितला की कोणालाही जपान आठवेल, आणि आठवावाच. पण या शिस्तीचे कारण मुसलमान नसणे हे आहे, असे म्हणणे निव्वळ थाप आहे. जपानच्या १९४७च्या राज्यघटनेचे विसावे कलम प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देते आणि नागरिकत्वाचा कायदा अर्जदाराचा धर्म विचारत नाही. कोबे शहरातली मशीद १९३५पासून उभी आहे. तिच्या बांधकामाला पैसा देणाऱ्यांत कोबेत धंदा करणारे भारतीय व्यापारी होते. १९४५च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचे शहर जळाले, ती उभी राहिली. १९९५च्या भूकंपातही उभी राहिली. ज्या देशात सरस्वती बेंझाइतेन नावाने आणि गणपती कांगितेन नावाने पुजला जातो, तो देश बाहेरचे काहीच घेत नाही, हे म्हणणेही तितकेच पोकळ.

दार बंद असतानाच्या त्या काळातही जपानने एक फट ठेवली होती. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचे एक छोटेसे कृत्रिम बेट होते. तिथे फक्त डच व्यापाऱ्यांना राहायची परवानगी होती आणि त्यांची जहाजे येत बटाविया या शहरातून. बटाविया म्हणजे आजचे जकार्ता. जपानने दोनशे वर्षे युरोपकडे पाहिले ते इंडोनेशियाच्या खिडकीतून. आपल्याकडे राजपुरीसमोरच्या जंजिऱ्याची कथा थोडी अशीच आहे. किल्ला कोणाला जिंकता आला नाही हे खरे, पण त्यातल्या माणसांचा बाजारहाट काठावरच्या गावांवाचून कधी झाला नाही.

हे दोन देश एकमेकांना प्रत्यक्ष भिडले १९४२मध्ये. जपानी फौजेने डचांना हाकलून इंडोनेशिया घेतला. आशिया आशियाई माणसांचा, अशी घोषणा होती. पाठोपाठ सक्तीची मजुरी आली, भात उचलून नेला गेला आणि जावात उपासमार झाली. लोकांनी तोक्योच्या राजवाड्याच्या दिशेने कमरेतून वाकावे, असाही हुकूम निघाला. नहदतुल उलमा या संघटनेचे संस्थापक हाशिम अशअरी यांनी नकार दिला, कारण रुकू फक्त अल्लाहपुढे. वृद्ध आलिमाला तुरुंगात टाकण्यात आले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. रमजान सुरू होता. सुकार्णो आणि हत्ता यांना १६च्या रात्री स्वातंत्र्याचा मसुदा लिहायला सुरक्षित जागा हवी होती. ती दिली जकार्तातल्या एका जपानी आरमारी अधिकाऱ्याने, रिअर ॲडमिरल माएदा यांनी, स्वतःच्या घरात. मसुदा रात्रभर चालला. पहाट व्हायला आली तसा सेहरीचा प्रश्न आला. हत्ता यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की घरात भात नव्हता, म्हणून पाव, अंडी आणि डब्यातली सार्डिन मासळी खाऊन त्यांनी सेहरी केली. हरलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या टेबलावर, भाताच्या देशात, पावावर केलेली ही सेहरी. काही तासांनी, शुक्रवारी सकाळी दहाला, नवव्या रोजाच्या दिवशी, इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले. जाहीरनाम्यावर सालही पडले ते जपानी शकाचे, '०५', म्हणजे २६०५.

पण किनाऱ्यावरच्या वाचकांनी लक्षात ठेवावा तो दुसरा दिवस, दहावा रोजा. नव्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत सात शब्दांचे एक कलम होते. मुसलमानांनी शरियत पाळणे बंधनकारक राहील, असा त्याचा अर्थ. जूनमध्ये बऱ्याच वादानंतर त्यावर सर्वांनी सह्या केल्या होत्या. १७च्या संध्याकाळी हत्ता यांच्याकडे निरोप आला की पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती लोक या सात शब्दांसह देशात यायला तयार नाहीत. सकाळी हत्ता मुस्लिम नेत्यांशी बोलले. त्यांत मुहम्मदिया या मोठ्या संघटनेचे प्रमुख की बागुस हादिकुसुमो होते. त्यांना हे पटवून घेणे सोपे गेले नाही. अखेर ते राजी झाले आणि सात शब्द गेले. उरली ती एकच ईश्वर मानणारी ओळ, जिच्याखाली सगळ्यांना उभे राहता येते. बहुसंख्याकांनी, आपल्या सर्वांत पवित्र महिन्यात, हातात आलेली गोष्ट शेजाऱ्यांसाठी सोडली.

याच्याही आधी, १९२८च्या ऑक्टोबरात, त्या देशातल्या तरुणांनी असेच काहीसे भाषेबाबत केले होते. जावानीज बोलणारे सर्वांत जास्त, चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यांचे वाङ्मय जुने, दरबार मोठे. तरी राष्ट्रभाषा म्हणून निवडली गेली बंदरा-बाजारातली मलय, जी तेव्हा थोड्याच लोकांची मातृभाषा होती. जावानीजमध्ये वरच्याशी एक भाषा, खालच्याशी दुसरी. मलयमध्ये ही उतरंड फारशी नाही. आज सातशेहून अधिक भाषांचा देश त्या भाषेत शिकतो आणि भांडतो, आणि जावानीज लोकांना आपली भाषा मेली असे वाटत नाही, कारण ती मेलेली नाही. जपानने तोक्योची बोली सगळ्यांवर बसवली आणि इंडोनेशियाच्या सर्वांत मोठ्या गटाने स्वतःची भाषा मागे ठेवली. दोन्ही देश टिकले. पण एकाने जोराने जे केले ते दुसऱ्याने माघार घेऊन केले, आणि या दोघांच्या तुलनेत हाच फरक सर्वांत मोलाचा आहे.

तेव्हा इंडोनेशियाच्या संदेशाला उत्तर असे, की गरुड आणि रामायण अगदी खरे आहे. देशाच्या ब्रीदवाक्यात 'भिन्न' हा शब्द आहे, तो आपल्याला भाषांतराशिवाय कळतो आणि तो चौदाव्या शतकातल्या एका बौद्ध कवीच्या काव्यातून आला आहे. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीचा आराखडा फ्रिडरिख सिलाबान या ख्रिस्ती वास्तुशिल्पकाराने केला आणि समोरच्या कॅथेड्रलच्या सणाला गाड्या मशिदीच्या आवारात लावतात, हेही खरे. इथल्या मुसलमानाने त्यातून शिकावे, जरूर शिकावे. रामाची गोष्ट ऐकल्याने कोकणी मुसलमानाचा ईमान बुडत नाही. पण तिथे रामायण जपणारा मुसलमान बहुसंख्य आहे. म्हणजे तो धडा आधी बहुसंख्याकांसाठी आहे. सोयीचा अर्धा भाग अल्पसंख्याकांना वाचून दाखवायचा आणि सात शब्दांची गोष्ट सांगायचीच नाही, हे बरोबर नव्हे.

इंडोनेशियाला संत बनवण्याचेही कारण नाही. १९६५-६६मध्ये तिथे कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसे मारली गेली आणि त्यात धार्मिक संघटनांची मुलेही सामील होती. मे १९९८मध्ये चिनी वंशाच्या लोकांची दुकाने जळाली आणि बायकांवर अत्याचार झाले. २०१७मध्ये जकार्ताच्या ख्रिस्ती, चिनी वंशाच्या गव्हर्नरला धर्मनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. मुसलमान बहुसंख्य झाले की तेही तितकेच चुकतात, हे रमजानच्या पानावर लिहायला संकोच वाटू नये.

आपला हात तिकडच्या रक्तात माखला तो इतिहासही विसरता येत नाही. स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळातच ब्रिटिशांनी सुराबायात जी ४९वी भारतीय ब्रिगेड उतरवली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. कोकणातली मुले या पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत. लढाई भीषण झाली. भारतीय फौजेतले काही मुसलमान सैनिक इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. गुलाम देशाची फौज दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य चिरडायला वापरतात, म्हणून नेहरूंनी संताप व्यक्त केला. तिकडे ऑस्ट्रेलियात डच जहाजांवरच्या भारतीय खलाशांनी काम नाकारून संप केला.

आज चित्र उलटे फिरले आहे. जपानची लोकसंख्या बारा कोटींच्या घरात, आणि दर दहा माणसांतली जवळपास तीन पासष्टीच्या पुढची. इंडोनेशिया अठ्ठावीस कोटींचा आणि तरुण. २००८पासून करार करून इंडोनेशियन परिचारिका आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या मुली जपानला जातात. मासेमारीच्या जपानी बोटींवरही इंडोनेशियन पोरे आहेत, जशी आपल्याकडच्या बोटींवर नेपाळी खलाशी दिसतात. जपानी म्हाताऱ्याला भरवणारी मुलगी डोक्याला हिजाब बांधलेली असते. संदेश पाठवणाऱ्याला हे चित्र कोणी पाठवत नाही.

प्रश्न आहेत. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक मृताला अग्नी देतात. तिथे कायम राहिलेल्या मुसलमानांना दफनाला जागा हवी आहे. ओइता प्रांतात हिजी नावाच्या गावी कबरस्तानाच्या जागेवरून काही वर्षे वाद चालला. पाणी दूषित होईल, असे गावकऱ्यांना वाटले. त्यांची भीती खोटी ठरवून हसण्यासारखी नाही, आणि बाप कुठे पुरायचा हा मुलाचा प्रश्नही नाही. अलिबागजवळ नवगावला समुद्रातून आलेल्या बेने इस्रायलींच्या पूर्वजांची दफनभूमी आहे. ती जागा त्यांना मिळाली तेव्हा ग्रामसभेत मतदान झाले नव्हते. कोणीतरी फक्त नाही म्हटले नाही. त्यांची लेकरे पुढे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून इथलीच झाली. इस्रायलला गेल्यावरही त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची घरात बोलायची भाषा मराठीच राहिली.

असर ते मगरिबच्या या लांबलेल्या वेळेला इंडोनेशियात खास शब्द आहे, 'न्गाबुबुरित'. संध्याकाळ होण्याची वाट बघत भटकणे. मग मशिदीतला मोठा ढोल वाजतो आणि नारळाच्या दुधात गुळाबरोबर शिजवलेली केळी खाऊन रोजा सोडतात. ईदच्या आधी कोट्यवधी माणसे शहरांतून गावी निघतात. रस्ते तुंबतात, बोटी भरतात. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीला अडकलेल्या चाकरमान्याला ते समजावून सांगायला नको. जपानी माणूसही ऑगस्टमध्ये ओबोनला, पूर्वजांच्या सणाला, असाच गावी जातो. ईदला भेटल्यावर इंडोनेशियन माणूस माफी मागतो ती 'लाहिर' आणि 'बातिन', म्हणजे उघड आणि मनातल्या, अशा दोन्ही चुकांची.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या किती तरी घरांतला एखादा मुलगा यंदाही ईदला जहाजावरच असेल. जहाजावर हमखास एखादा इंडोनेशियन असतो. दोघांची बोली वेगळी, पण असरची वेळ एक, आणि चिंबोरी दोघांनाही चालते. मोबाइलला रेंज आली की दोघेही घरी फोन लावतात. जहाज तेव्हा कोबेच्या नाहीतर योकोहामाच्या धक्क्याला लागलेले असते.